विनिताच्या नावाची ओ

भरती इली गो, भरती इली,
पायाखालची माती हलली;
नाव घेतलां तिणां बोलूचां,
मुकी रवली ती पाण्यान नेली.

हा आवाज शेवंतीने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातांवरची हळद अजून उतरली नव्हती. शापोरा नदीच्या पाण्यात ती कमरेइतकी उभी होती, पायांच्या बोटांनी चिखल चाचपत होती, आणि रांगेच्या वरच्या टोकाला तिची सासू गळा मोकळा सोडून म्हणत होती. गाणं संपलं की सासू एकेकीचं नाव घ्यायची, आणि जिचं नाव घेतलं ती "आसंय", आहे मी, म्हणायची. शेवटच्या बाईची ओ येईपर्यंत कुणी काठाकडे पाऊल वळवायचं नाही. ओहोटीला चिखलातल्या तिसऱ्या, त्या शिंपल्या, काढायला उतरणाऱ्या चोपडे गावच्या बायकांचा हा नेम. भरतीचं पाणी पावलं न वाजवता येतं, मांजरासारखं, पाठीमागून. एकदा विनोदिनीची ओ आली नव्हती. तेव्हा ती तरणीताठी होती. बायकांनी हातात हात घालून सगळी रांग मागे नेली आणि केसांना धरून तिला वर काढलं.

आता सासू नाही. हाक विनोदिनीकडे आली. केस पिकले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एका कानाने ऐकायला कमी येतं, तरी ओहोटी असली की ती पाण्यात उतरतेच. "माका ह्या हाकेन वाचवल्यान," ती म्हणते. "ती मी टाकूचंय नाय."

बचत गट झाला तोही या रांगेतून. बँकेच्या पेडण्याच्या ऑफिसातून स्वप्नील मोटरसायकलवरून आला होता. कुडाळकडचा पोरगा, मिशी नुकती धरत होती. म्हणाला, कर्जाला एकमेकींना नीट ओळखणाऱ्या बायका हव्यात; एकीला नाही जमलं तर बाकीच्यांनी भरायचं, तारण दुसरं काही नाही.

"आमी एकमेकींक पाण्यातसून वळखतंव, सायबा," विनोदिनी म्हणाली. "आणखी कसां वळखूचां?"

आणि पैसे आले तशी घरंही सावरली. त्याआधी गणपती आला की बायकांच्या बांगड्या म्हापशाला गहाण पडायच्या, त्यातल्या अर्ध्या परत यायच्या नाहीत. आता सुविधाकडे शिवणाचं मशीन धडधडू लागलं. विनोदिनीच्या घरामागे संडास झाला; पहिल्या दिवशी ती त्याच्या पायरीवर नुसतीच बसून आली. विनिताने फ्रिजर घेतला, मोठा, पेटीसारखा. त्यात तिसऱ्या ठेवायच्या आणि रविवारी पुलाच्या तोंडाशी बसून गाडीवाल्यांना विकायच्या. तिचा नवरा अनंत पाडेली, माडांवरचे नारळ पाडणारा. माडावरून पडून कंबर गेल्यापासून तो ओसरीवर बसून पिशवीतली दारू घेत असे. घर विनिताच्या हातांवर होतं, आणि मुलगी प्राजक्ता पेडण्याला कॉलेजात जात होती.

शेवंतीच्या कर्जातून होडीतला अर्धा वाटा आला. तिचा नवरा गुरुदास डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा तो घरी आला आणि रोज सकाळी दारातला टिपर धुऊ लागला. न चाललेली गाडी रोज धुवायची, टायरवर पाणी मारायचं, काच पुसायची. शेजारची माणसं विचारीत, "गुरुदास, खंयचा भाडां?" तो हसायचा. मग टिपर विकला गेला, आणि गुरुदास जेवताना मान वर करीनासा झाला. होडी आल्यावर ती मान वर आली. होडी रेती काढते, हे शेवंतीला माहीत होतं. लपूनछपून काढते, हेही. "तिसऱ्यांच्या जाग्यार यायचां नाय," तिने एवढंच बजावलं होतं, आणि तो "येवचंय नाय" म्हणाला होता.

दर आठवड्याला विनोदिनीच्या ओसरीवर बैठक. स्वप्नील कदेल ओढून बसायचा, मोबाइलात मान घालून नावं घ्यायचा. सगळ्या हजर दिसल्या नाहीत तर त्याला वरून बोलणी बसत, आणि हप्ता पुरा जमेपर्यंत कुणी उठायचं नाही असा नियम. कुणाची मुलगी बाळंत, कुणाच्या घरी ताप; दर वेळी सगळ्या कशा येणार? मग न आलेलीचं नाव आलं की बगलेची बाई ओ देऊ लागली. त्यात शेवंती पटाईत. ती धालोंच्या मांडावर, बायकांच्या गाण्याच्या खेळात, दोन्ही बाजूंच्या ओळी एकटी म्हणणारी, तिच्या गळ्यात गावातल्या सगळ्या बायका होत्या. विनिताचा आवाज तर अगदी सोपा: नाकातून येणारा, शेवटी जरा वर चढणारा. "आसंऽय."

"विनिताताई, आज सर्दी वाटतं," स्वप्नील मान वर न करता म्हणायचा, आणि बायका तोंडात पदर कोंबायच्या.

पण हे ओसरीवर. पाण्यात कुणी कुणाची ओ दिली नव्हती.

*

फाल्गुन लागला होता. डोंगरावरून काजूच्या बोंडांचा आंबूस वास उतरत होता. त्या वर्षी तिसऱ्या कमी. जिथे मूठ घातली की मूठ भरायची, तिथे आता बोटांना नुसती वाळू नाहीतर मऊ चिखल लागायचा. बायका सकाळच्या ओहोटीला उतरल्या. साड्या वर खोचलेल्या, प्रत्येकीच्या कमरेला दोरी आणि दोरीला बांधलेला जर्मनचा टोप, बाई पुढे सरकेल तसा पाण्यावर मागे मागे येणारा. विनोदिनी वरच्या टोकाला, मधे बाकीच्या, खालच्या टोकाला शेवंती आणि तिच्या पलीकडे, शेवटची, विनिता.

विनिताचे डोळे सुजले होते.

"रडलंस?" शेवंतीने विचारलं.

"चुलीचो धूर."

"गॅस आसा तुज्याकडे."

विनिता हसली. वाकली, खांद्यापर्यंत हात चिखलात घातला, दोन तिसऱ्या काढून टोपात टाकल्या. "हप्त्याचे पैशे डब्यात ठेयलेले. त्येणां काडल्यान. सकाळी विचारलंय, तर म्हणता, जा, न्हंयत जा. म्हटलं, न्हंयतच जातंय, तुज्या पोटासाठी."

"मिटींगेक काय सांगतलंस?"

"येवचंयच नाय. मधीच वर चढतंय आणि केरीक जातंय, भावाकडे. तो कायतरी देयत. तू म्हण माझी ओ. माज्यापेक्षा तुकाच माजो आवाज बरो येता."

"आणि विनोदिनी काकी?"

"काकीचो आयकणारो कान ह्या बाजूक नाय."

दोघी हसल्या. मग बोलणं थांबलं, कारण वाकून बोलता येत नाही. ऊन पाठीवर आलं. शिंपल्यांच्या कडांनी बोटं चिरत होती. मिठाच्या पाण्यात चिरलेलं बोट आधी दुखत नाही, मग दुखतच राहतं. शेवंती चिखलाची एक चांगली पट्टी सापडली म्हणून वर सरकत गेली. एक टोपभर तिसऱ्या मिळाल्या. त्या वर्षी तेवढ्या मिळाल्या की मागेपुढे काही दिसत नाही.

तिने पाठ सरळ केली तेव्हा विनिता नव्हती.

खारफुटीच्या मुळांना विनिताचा टोप टेकला होता, लाटेबरोबर हळूहळू मुळांवर आपटत. टक. टक. शेवंतीला वाटलं, गेली. टोप मुळांत अडकवून झुडपातल्या वाटेने वर चढली, केरीची बस धरायला. सांगितलं तसं केलंन बयेने. तिच्या मनात थोडी चीडही आली. आता सगळ्यांनी मिळून हिचा हप्ता भरायचा.

तेवढ्यात वरच्या टोकाला विनोदिनीचा गळा फुटला. भरती इली गो, भरती इली. वारा समोरून होता. बायकांनी टोप जवळ ओढले. विनोदिनीने नावं घ्यायला सुरुवात केली आणि ओ येऊ लागल्या, एकीमागून एक, पाण्यावरून घसरत. "शेवंतेऽऽ."

"आसंय."

"विनितेऽऽ."

पाणी.

"विनितेऽऽ."

विनोदिनीने मान वळवली. आता ती रांग थांबवणार, सगळ्यांना मागे फिरवणार, हातात हात घालायला लावणार. बैठकीची वेळ झालेली, तिकडे स्वप्नील येऊन बसला असेल, आणि विनिता बसमध्ये खिडकीशी बसून केरीला चाललेली. काकी विचारणार, खंय गेली ती, हाक सोडून कशी गेली. सगळ्यांसमोर विनिताची लाज जाणार. शेवंतीने तोंड काठाकडे केलं, नाक जरा आवळलं.

"आसंऽय."

विनोदिनीने मान हलवली आणि पाऊल काठाकडे टाकलं. सगळी रांग तिच्यामागून वर चढली.

ओसरीवरही नाव आलं. ओल्या साड्यांनी बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, खालची शेणाची जमीन काळी होत होती. शेवंतीने तिथेही ओ दिली, आणि विनिता भावाकडे केरीला गेल्याचं बायकांना हळूच सांगितलं. सुविधाने तिला कोपराने ढोसलं, दोघीतिघी हसल्या. सगळ्यांनी पदराच्या गाठी सोडून विनिताचा हप्ता भरला. "केरीसून हात हालवत इली तर फ्रिजरच उचलून हाडतंय तिचो," सुविधा म्हणाली, आणि पुन्हा हसणं झालं.

*

दुपारी मानस लावायला गेलेल्या गड्यांना ती दिसली. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दारं असतात, तीच मानस. भरतीने तिला त्या दारांशी आणून लावलं होतं. दोरी अजून कमरेला होती, तुटलेली.

शेवंती धावत गेली तेव्हा तिला बांधावर काढून ठेवलं होतं. केसांत शेवाळ. एक पाय गुडघ्यापर्यंत वाळूने माखलेला, वाळू सुटायलाच तयार नव्हती. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. कुणीतरी ती उघडली, आणि आतून तीन तिसऱ्या बांधाच्या मातीवर पडल्या. त्यातली एक जिवंत होती. तिने जरासं तोंड उघडलं आणि परत मिटून घेतलं.

शेवंती ती तिसरी बघत राहिली. लोक बोलत होते, ते तिला बंद खिडकीच्या पलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं. सकाळपासून आपण दोनदा तिच्या तोंडाने बोललो, एवढंच तिला कळत होतं. दोन्ही वेळा ती पाण्याखाली होती.

पोलीस आले. विनोदिनीला विचारलं. ती काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तिणां ओ दिल्यान. मी माज्या कानान आयकलंय. पयल्या हाकेक नाय, दुसऱ्या हाकेक दिल्यान."

"म्हणजे तोपर्यंत ती ठीक होती."

"ठीक होती म्हणान तर ओ दिल्यान. आमी सगळ्यो वर चढलंव."

"मग ती परत पाण्यात का गेली?"

यावर कुणी बोललं नाही. तिथे, त्या गप्प राहण्यात, गोष्ट ठरली. अनंतला आणलं होतं. तो बांधावर बसला, कंबर धरून, आणि स्वतःच म्हणाला, "सकाळी मी तिका म्हटलंय, न्हंयत जा." मग तेच पुन्हा म्हणाला. कुणी न विचारता तो ते संध्याकाळपर्यंत म्हणत राहिला.

विनिताने कर्जापायी जीव दिला. गावाने हे एका दिवसात पाठ केलं.

*

गुरुदास संध्याकाळी न्हाणीच्या दगडावर पाय धूत होता. शेवंती बाल्दी घेऊन उभी राहिली आणि तिने सांगितलं. सगळं सांगितलं, टोपासकट. पाणी त्याच्या पायांवर पडत राहिलं, तो पाय चोळायचा थांबला.

"तू ओ दिलंस?"

"होय."

"कोणाक म्हायत?"

"तुमकां."

मग त्याने विचारलं, "ती खंय उबी होती?"

"खारफुटीच्या ह्या बाजूक. आमी सदांच उबी रवतंव थंय. थंय कमरेइतक्याच पाणी, आवो. थंय बुडाक कसां जायत?"

गुरुदासने मान फिरवली. आणि शेवंतीला, त्याने काही न सांगताच, कळलं. टिपर रोज धुणारा माणूस असाच मान फिरवायचा.

"थंय इल्लास तुमी," ती म्हणाली. "होडी घेवन."

"वयर रेती उरूक नाय." त्याचा आवाज इतका खाली होता की पाण्याचाच वाटावा. "दोनच फावटी गेलंव. म्हटलं, खड्डो भरतीन भरतलो. भरता तो. सदांच भरता." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू आता काय बोलू नुको. तू म्हणशीत ओ तिणां दिवक नाय, मगे ते विचारतले ती बुडली कशी. मगे खड्डो. मगे होडी. मगे मी. आणि तू बोलान ती येतली?"

शेवंतीने बाल्दी खाली ठेवली. होडीचा वाटा तिच्या सहीने आलेला. बँकेत फोटो काढताना स्वप्नील म्हणाला होता, ताई, हसा जरा. आणि ती खरोखर हसली होती.

"जेवक वाढ," गुरुदास म्हणाला. तो जेवला नाही. तीही नाही. भात झाकून ठेवला, सकाळी कोंबड्यांना घातला.

*

दिवस पुढे गेले. म्हणजे सकाळ झाली की पोदेर सायकलवर पाव घेऊन आला, त्याचा भोंपू वाजला. पण विनिताच्या घरासमोर तो वाजेनासा झाला. सायकल तेवढ्यापुरती गप्प व्हायची आणि पुढच्या घराशी पुन्हा पोंपों करायची. भटाने बाराव्याचं काम करायला आढेवेढे घेतले. अपमृत्यू, म्हणाला, त्याला वेगळं करावं लागतं. प्राजक्ता विहिरीवर गेली की तिथल्या बायका हंडे अर्धेच भरून उठत. वाईट कुणी बोलायचं नाही. बोलायचंच नाही कुणी.

शेवंतीच्या गळ्याला काहीतरी झालं होतं. घरात हाक मारायला गेली की आवाज अर्ध्यात अडकायचा. रात्रंदिवस नाही, फक्त मोठ्याने बोलायची वेळ आली की. शिगम्याच्या रोमटाचे, मिरवणुकीचे, ढोल वाजू लागले, शेजारच्या पोरींनी फुगडीला बोलावलं, "शेवंतीमावशे, गाणां सांग," तर तिने मान हलवली आणि आत गेली. हात मात्र थांबले नाहीत. तांदूळ निवडले, माशाची खवलं काढली, काजूच्या बिया उन्हात पसरल्या, उलथल्या, गोळा केल्या. एकदा नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून धुताना मूठभर वाळू निघाली. तिने ती हातात घेतली आणि कितीतरी वेळ टाकली नाही.

प्राजक्ता एक दिवस दुपारी आली. मागच्या दाराने, शेवंती करंट्या, सुकी बारीक कोळंबी, सोलत बसलेली असताना. आईचा चेहरा आणि बापाचे खांदे. खाली बसली, न सांगता एक मासळी हातात घेतली आणि सोलू लागली.

"मावशे, एक विचारू?"

"विचार."

"तू आयेच्या बगलेक होतंस."

"होतंय."

"आसंय म्हणताना ती कशी म्हणाली?"

शेवंतीचा हात थांबला. मग चालू लागला.

"म्हणजे आवाज कसो होतो," प्राजक्ता म्हणाली. "रडाक येयत तसो? का राग इल्लो तसो? मी घरात सगळो वेळ तोच विचार करतंय. बाबा म्हणतत, माज्यामुळां गेली. मी म्हणतंय, माका सोडून जाताना तिणां आसंय म्हटल्यान. जाणारां माणूस आसंय कित्याक म्हणता?" तिने मासळीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "आणि मुठीत तिसऱ्यो कित्याक होत्यो? जीव देवक गेलेली बाई तिसऱ्यो कित्याक काडीत?"

माश्या घोंघावत होत्या. शेवंतीने पदराने त्या उडवल्या, मग पुन्हा उडवल्या.

"सदांसारख्याच म्हटल्यान," ती म्हणाली.

"सदांसारख्या?"

"होय. सदांसारख्या."

ते उत्तर प्राजक्ताने जपून घेतलं, दोन्ही हातांनी घेतल्यासारखं, आणि ते तिला कुठे ठेवावं ते कळेना. "म्हणजे तिका काय वाटाक नाय," ती म्हणाली. "सोडून जाताना काय वाटाक नाय." मग उठली. हात धुतले नाहीत, तशीच गेली.

शेवंतीने सोललेल्या आणि न सोललेल्या करंट्या एकत्रच सुपात लोटल्या.

*

काही आठवड्यांनी पुन्हा बैठक बसली तेव्हा ओसरी गच्च होती. मधल्या आठवड्यांत स्वप्नील येऊन जायचा, दारातच उभा राहायचा, बायका पैसे हातात द्यायच्या. आज तो बसला. कदेल जरा लांब ओढली होती.

"विनिताताईंचं वरती कळवलंय," तो म्हणाला. "पोलिसांचा कागद आला की विम्याचं बघतील. बुडून, असं आलं तर लवकर होतं. आता जे आलंय ते..." त्याने मान खाली घातली. "वेळ लागेल. तोवर गटाने सांभाळून घ्या."

"आमीच घेवचां," सुविधा पुटपुटली. "ती गेली आणि आमच्या मानेर ठेवन गेली."

"गप," विनोदिनी म्हणाली.

तेव्हा उंबऱ्याशी प्राजक्ता येऊन उभी राहिली. हातात तिच्या आईचा टोप होता. मुळांवर आपटून त्याच्या एका बाजूला पोच पडला होता. त्याला तिने नवीन दोरी बांधली होती, निळी, नायलॉनची.

"काकी, माका आयेची जागा द्या," ती म्हणाली. "गटात आणि पाण्यात. कॉलेज मी सोडलंय. घरात कोणीतरी होया."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी नाक ओढलं. विनोदिनीने काठीवर दोन्ही हात ठेवले. "तुका पाण्यात काम जमतलां?"

"शिकतलंय."

"मगे उद्या ओहोटीक ये. तुज्या आयेच्याच जाग्यार उबी रव, खालच्या टोकाक. शेवंती आसा बगलेक."

"थंय नको." शेवंतीचा आवाज खरखरला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "वयर उबी करा तिका, काकी. तुमच्याकडे. थंय खोल आसा."

"खोल?" विनोदिनी म्हणाली. "शेवंते, तुज्या सासूच्या येळेपासून थंय आमी उबी रवतंव. लहान पोरां पवतत थंय. विनितेन थंयच उबी रवन ओ दिल्यान मा? सगळ्यांनी आयकलां. खोल आसता तर ओ खंयसून येयत?"

शेवंतीने तोंड उघडलं. गळ्यात ते अडकलेलं पुन्हा वर आलं आणि तिथेच बसलं. दाराबाहेर, अंगणाच्या कडेला पेळेवर, गुरुदास उभा होता. तिला न्यायला आला होता की तिच्यावर नजर ठेवायला, ते तिला कळलं नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसावं. त्याची मान खाली होती, पूर्वीसारखी.

"बसा सगळ्या," स्वप्नील म्हणाला. "हजेरी घेतो आणि मोकळं करतो तुम्हाला."

प्राजक्ता आत आली. शेवंतीच्या बाजूला, रिकाम्या ठेवलेल्या जागेवर बसली. टोप मांडीवर.

"विनोदिनी."

"आसंय."

"सुविधा."

"आसंय."

ओ येत गेल्या, ओसरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. आज कुणी दुसऱ्याची दिली नाही.

"शेवंती."

"आसंय."

स्वप्नीलचं बोट मोबाइलच्या काचेवरून घसरलं आणि तो सवयीने वाचून गेला.

"विनिता."

नाव अजून काढलेलं नव्हतं. त्याच्या लक्षात आलं तसा तो पांढरा पडला, "सॉरी, सॉरी" म्हणू लागला. बायका आहेत तशा बसून राहिल्या. बाहेर नदीवरून भरतीचा वारा सुटला होता. माडांच्या झावळ्या एकदमच हलल्या आणि थांबल्या.

आणि प्राजक्ताने श्वास घेतला. शेवंतीला तो श्वास बाजूला ऐकू आला. पोरीने हनुवटी जरा वर केली, नाक आवळलं गेलं, आणि त्या गळ्यातून आता काय येणार, कोणत्या आवाजात येणार, ते शेवंतीला येण्याआधीच ऐकू आलं. तिने हात पुढे केला आणि आपला तळवा पोरीच्या तोंडावर दाबून धरला. पोरीचा श्वास तिच्या हातात अडकला, गरम.

"तू म्हणू नुको," ती म्हणाली. "दुसऱ्याची ओ म्हणूची नसता."

मग ती उभी राहिली. तिने गुरुदासकडे पाहिलं नाही. विनोदिनीकडे पाहिलं, तिच्या ऐकू येणाऱ्या कानाकडे. गळ्यातलं सुटलं. आवाज आला तो तिचा स्वतःचा होता, जाडा, फुटका, आणि पेळेपर्यंत पोचणारा.

"काकी, त्या दिसा विनितेन ओ दिवक नाय. तुमी हाक मारलास तेव्हा ती पाण्याखाली होती. आमच्या होडयेन रेतीसाठी खड्डो मारलो, त्या खड्ड्यात. ती खंय जावक नाय, प्राजक्ता. कोणाक सोडून जावक नाय. ती तिसऱ्यो काडीत होती. आसंय म्हटलां तां मी."